बाईंची रिकामटेकडी

दुपारची भांडी घासून झाली, की बाई पदराला हात पुसत आणि कोणाला न सांगता मागच्या दारानं निघत. बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, वच्छलाबाई. जानेफळपासून कोसभर आत आमचं गाव आणि गावामागे एक बुटकी टेकडी. तिथं हिवराच्या झाडाखाली सपाट धोंडा होता, त्यावर त्या बसत. जप नाही, पोथी नाही, हातात शिवण नाही. नुसत्या बसत. परत येताना ओटीत काहीतरी असेच: चार काटक्या, शेळीसाठी बाभळीच्या शेंगा, पावसाळ्यात भाजीला तरोट्याची कोवळी पानं. कुसळं मात्र त्यांना दगा देत. वाकून काटक्या वेचणाऱ्या बाईच्या लुगड्याला मागून, नेमकी बसायच्या जागी, एवढी कुसळं कशी लागतात, हे आमच्या सासूबाईंना कळत नसे असं थोडंच होतं!

मी चिखलीची, कारकुनाची मुलगी. लग्न होऊन आले तेव्हा महाराष्ट्र राज्यही नवं होतं आणि मीही. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. ओसरीवरच्या बाजेवर बसून त्या अख्ख्या घराला धाकात ठेवत. "गेली थे रिकामटेकडीवर," हे त्यांचं दुपारचं ठरलेलं वाक्य. शब्द मला ठाऊक होता, पण खेड्यात टेकड्यांना काय काय नावं असतात, वाटलं हेही असेल. एकदा बाईंचे वडील लेकीला भेटायला आले. "थोरली कुठी हाये?" त्यांनी विचारलं. मी डोक्यावरचा पदर सावरून अदबीनं सांगितलं, "त्या ना? रिकामटेकडीवर गेल्यात." सगळी ओसरी पोट धरून हसली. बाईंच्या वडिलांनी तेवढी मान खाली घातली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. संध्याकाळी चुलीपाशी बाई म्हणाल्या, "काऊन रडून राह्यली वं? नाव तं बराबर ठेवलं तुनं. टेकडीले आजवर नावच नव्हतं."

त्यानंतर एकदा त्या मला बरोबर घेऊन गेल्या. मी वाटेपासून बोलत होते, धोंड्यावर बसले तरी बोलतच होते. बाईंनी बरंच ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सुमन, आता जराशीक त्या होल्याले बोलू दे." मी गप्प झाले. समोरच्या झाडावर होला पारव्यासारखा घुमत होता, खालच्या गवतातून वारा सरकत होता. बाईंचा चेहरा हळूहळू सैल झाला. घरात तो तसा कधी दिसत नसे.

"इथं काय होतं बाई तुम्हाला?" मी विचारलं.

"काईच नाई. घरात एवढ्या मानसाईचं बोलनं डोक्यात भिंगरीवानी फिरते. इथी बसलं का थांबते. मंग आपला राग आपल्यालेच लहान दिसते." आणि लगेच उठून काटक्या वेचायला लागल्या. "पन पाप वाटते माय. हातपाय धड असताना बसाचं म्हंजे घरची चोरीच. म्हनून काईतरी न्याव लागते."

मला त्यांची दया यायची. त्या गेल्या की मी त्यांची बाजू सावरायची. "शेण आणायला गेल्यात," "माझ्यासाठी चिंचा आणायला गेल्यात." बाईंना हे ठाऊक होतं. आपली धाकटी जाऊ आपल्यासाठी सराईत खोटं बोलते, याचं त्यांना कौतुकच होतं.

पुढे आत्याबाईंना अर्धांगवायू झाला. त्यांना कुशीवर वळवणं, न्हाऊमाखू घालणं, सगळं बाईंनी केलं. मला हात लावू दिला नाही. आत्याबाईंचा डोळा लागला की मला त्यांच्यापाशी बसवून तेवढ्यात टेकडीवर जाऊन येत. अशाच एका दुपारी आत्याबाईंना धाप लागली. मी बाईंना बोलवायला उठले, तर त्यांनी धड हातानं माझं मनगट धरलं आणि काही बोलल्या. थोड्या वेळात आत्याबाई गेल्या. बाई आल्या त्या ओटीत बोरं घेऊन. ओटी सुटली आणि बोरं ओसरीभर घरंगळली.

तेरावं झाल्यावर मी त्यांना म्हणाले, "बाई, मी बोलावणारच होते. आत्याबाईंनीच सांगितलं, बोलावू नको, बसू दे तिला. घरात माझ्यापायी तिला बसायला जागा कुठे आहे?"

बाई म्हणाल्या, "माहं मन राखाले सांगून राह्यली तू. आत्याबाई इतक्या गोड कधी बोलल्या वं?"

टेकडी सुटली ती सुटली. मग बाईंचे हात कधी थांबले नाहीत. निवडलेले तांदूळ त्या पुन्हा निवडत, घासलेलं भांडं पुन्हा घासत. बोलणं तिखट झालं. केस पांढरे झाले, पोरांची लग्नं झाली. एके दिवशी त्यांची नवी सून उंबऱ्यात टेकून बाहेर बघत होती. बाई कडाडल्या, "बसली रिकामटेकडी!" आणि आपलाच आवाज ऐकून जागच्या जागी थिजल्या.

सून आत पळाली. मी बाईंजवळ गेले. "आत्याबाईंच्या शेवटच्या बोलण्यातही हाच शब्द होता," मी म्हणाले. मरणाऱ्या माणसाच्या तोंडी असलं बोलणं शोभत नाही, म्हणून तेव्हा मी तो शब्द गाळला होता. चिखलीचं वळण माझं! आता जसंच्या तसं सांगितलं: "लाहाने, बोलावू नको. बसू दे त्या रिकामटेकडीले. घरात माह्यापायी तिले बसाले जागा कुठी हाये?"

"रिकामटेकडी म्हनाल्या?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मंग आत्याबाईच बोलल्या," बाई म्हणाल्या, आणि पदरात तोंड घालून लहान मुलीसारख्या रडल्या.

दुसऱ्या दुपारी आम्ही दोघी टेकडीवर गेलो. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. परतताना त्या सवयीनं काटकीसाठी वाकल्या, थांबल्या आणि तशाच सरळ झाल्या. घरी आल्यावर जिथं आत्याबाईंची बाज असायची, त्या रिकाम्या कोपऱ्यासमोर उभं राहून त्यांनी दोन्ही तळवे उघडून दाखवले. "आत्याबाई, आज काईच नाई आनलं." मग चहा ठेवायला आत गेल्या.

बाईंना जाऊनही आता बराच काळ लोटला. मी सभ्यपणानं एक शब्द गाळला आणि त्यांच्या इतक्या वर्षांच्या दुपारी गेल्या, हे काही मनातून जात नाही. कधी कधी मी त्या धोंड्यावर जाऊन बसते. होला अजून बोलतो, मीही त्याला बोलू देते. घरात आता गॅस आहे, काटक्या कोणाला नको असतात. तरी माझ्या ओटीत चार काटक्या असतातच. बाईंसारखे उघडे तळवे घेऊन ओसरी चढणं मला अजून जमलेलं नाही.