खाली घातलेली मान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्युनियर मुलींना तर नाहीच — त्यांच्या लेखी मी सुमनची केस जिंकलेली वकील आहे.

जिंकले होते, हे खोटं नाही. सुमन मखमलाबादकडची, फुलशेतीवाल्यांची लेक. नवरा सातपूरला कंपनीत. एकदा वाफ्यात येऊन तो मारायला लागला, तेव्हा तिने हातातलं खुरपं चालवलं. त्याच्या दंडाला टाके पडले आणि तिच्यावर गुन्हा दाखल झाला. स्वतःचा जीव वाचवला — इतका सरळ मुद्दा होता. मग मी तो का नाही मांडला? कारण बाई ठसकेबाज होती. अशा बाईची कोर्टाला दया येईल का, याची मलाच खात्री नव्हती.

म्हणून मी तिची गोष्ट रचली. बाई भोळसर आहे, हिला आज कोणता वार आहे तेही कळत नाही, हातात काय आहे याचंही भान नसतं. तिला विटकं पातळ नेसायला लावलं. मान कशी खाली ठेवायची, ते माझ्या ऑफिसात दोनदा करून घेतलं.

"मी काय येडी हाय का, ताई? मला सगळं कळतं," ती म्हणाली होती.

"कळतं ते कोर्टात दाखवू नकोस," मी म्हटलं.

ती सुटली. गुलछडीचा हार घेऊन आली. मी तो घेतला.

पुढे नवऱ्याने मुलीचा ताबा मागितला. त्याच्या वकिलाने काय वाचून दाखवलं असेल? — माझाच लेखी युक्तिवाद. सुमन धावत माझ्याकडे आली.

"ताई, तुम्हीच सांगा ना जजसाहेबांना, ते खरं नव्हतं म्हणून."

ती स्वतः सांगतच होती. पण तिचं कोण ऐकणार — तिला काही कळत नाही, हे मीच तर लिहून दिलं होतं. आणि मी सांगायचं म्हणजे काय, की मी कोर्टात खोटं बोलले? मी म्हटलं, त्या दिवशी माझी मालेगावला तारीख आहे. तारीख नव्हती. त्या दिवशी मी घरी बसून मेथी निवडत होते.

मुलगी नामपूरला गेली, बापाच्या आईकडे. सात वर्षांची होती.

सुमन आता द्वारका चौकाजवळ हार विकते. गिऱ्हाइकांशी हुज्जत घालते, रिक्षावाल्यांना दटावते. मी दिसले की मात्र गप्प होते, आणि मान खाली घालते — मी शिकवली होती, अगदी तशी.