हाराच्या दोऱ्याने बांधलेली जाळी

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली होती. चिंचवडच्या माळावर नवा कारखाना उभा राहिला आणि मी तिथे पाट्या रंगवायला लागलो. एकदा इंजिनिअरसाहेबांनी विलायती पुस्तकातलं एक चित्र दाखवलं. दोन तोंडांची बाई, एक तोंड पुढे, एक मागे. एका हातात आरसा, दुसऱ्या हाताला साप. तिकडचे चित्रकार गुणांना बाईचं रूप देतात, आणि ही सावधगिरी, असं त्यांनी समजावलं. आरसा स्वतःला पाहण्यासाठी, मागचं तोंड मागे घडलेलं न विसरण्यासाठी.

"पत्रा कापायच्या प्रेसजवळच्या भिंतीवर काढ," ते म्हणाले. "माणसं बोटं सांभाळतील."

मी तिला नऊवारी नेसवली. मागचं तोंड विचित्र दिसेल म्हणून गाळलं. आरशाची नुसती सोनेरी चकती केली. नाग मात्र जीव ओतून रंगवला. सावध करणारं जे होतं तेच मी काढून टाकलं आणि लोकांना आवडेल तेवढं ठेवलं.

खंडेनवमीला यंत्रांना झेंडूचे हार घातले, तसा देवी समजून तिलाही पडला. नारळ फुटला. मी मागे उभा राहून सुखावत होतो.

दसरा झाला, प्रेस सुरू झाले. मोशीहून सायकलने येणारा माझा मित्र तिथे पत्रा कापायचा. गावच्या भजनात पखवाज त्याचाच. प्रेससमोरची लोखंडी जाळी खाली असली की हात आत जात नसे, पण काम हळू होई. त्या दिवशी त्याने जाळी वर उचलून दोऱ्याने बांधली होती. दोरा देवीच्या हाराचा होता.

"जाळी खाली घे," मी म्हणालो.

"आता देवी हाय की राव राखायला. तूच बशिवलीस न्हवं?"

बाजूचे हसले. मीही हसलो आणि निघून गेलो. ते हसणं मला अजून टोचतं. पाटीवर अक्षरं काढताना त्याची बोटंच दिसू लागली, तेव्हा ब्रश टाकून परत आलो, प्रेस बंद करायला लावला आणि दोरा कापला.

"देवीचा दोरा तोडलास व्हय? काय झालं तर तुझ्या माथ्यावर."

"देवी नाही ती. मीच चुकीची काढली."

साहेबांकडून खरा आरसा मागून घेतला आणि तिच्या हातात बसवला. मागचं तोंडही रंगवलं. सकाळी मित्र तिच्यापुढे आला, हात जोडले आणि पुन्हा खाली सोडले.

"न्हाई जमत," तो म्हणाला. "सोताच्याच पाया पडल्यावानी वाटतंय."

मग प्रेसकडे जाऊन त्याने जाळी खाली ओढली.

सगळेच काही लगेच सुधारले नाहीत. पण त्या भिंतीला पुन्हा हार पडला नाही. फोरमनची तक्रार एवढीच, की बाईपुढे भांग पाडायला गर्दी होते. परवा मोशीला भजनाला गेलो होतो. पखवाज अजून तोच वाजवतो. मी त्याच्या बोटांकडेच पाहत बसलो होतो.