ईस्टरच्या पहाटे माझाच सेफ्टी डोअर

ईस्टरच्या पहाटे येशू कबरेतून बाहेर आला आणि मी माझ्या फ्लॅटमधून बाहेर येऊ शकलो नाही. त्याच्या दारावर भलीमोठी धोंड होती. माझ्या दारावर माझ्याच कारखान्याचं स्टिकर होतं.

वागळे इस्टेटमध्ये माझा ग्रिल आणि सेफ्टी डोअरचा कारखाना आहे. एका जुन्या वेल्डिंग मशीनवर सुरुवात केली आणि जे काही उभं केलं ते घासाघीस करून. पत्रा असो, बिजागरी असो, की कोथिंबिरीची जुडी, समोरच्याने सांगितलेल्या भावात मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. (लग्नात पाळकसाहेबांनी "सुखात आणि दुःखात साथ देशील का?" असं विचारलं, तेव्हा मी क्षणभर थांबलो होतो. सुनीता अजून सगळ्यांना सांगते, "दुःख थोडं कमी होतंय का, ते बघत होते!")

पण माझ्या धंद्याचं खरं भांडवल म्हणजे लोकांची भीती, आणि त्या वर्षी बाळकुमच्या आमच्या सोसायटीत ती उतू चालली होती. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज चोरांची नवी टोळी यायची. आधी ते अंगाला तेल चोपडून यायचे. मग बेशुद्ध करणारा स्प्रे मारायला लागले. शेवटी तर असं ठरलं, की ज्या घरात शिरायचं त्याच्या दारावर ते आदल्या दिवशी लाल खूण करून जातात! प्रत्यक्षात चोरी एकच झाली होती. ती म्हणजे बी विंगमधली सायकल, आणि तीही दोन दिवसांनी मुलाच्या क्लासबाहेर सापडली. मी मात्र ग्रुपवर कधी शंका काढली नाही. प्रत्येक मेसेजखाली हात जोडून 'काळजी घ्या' एवढंच लिहायचो. आमच्या मजल्यावरच्या तिन्ही शेजाऱ्यांना मी दरवाजे विकले.

विकता विकता ती भीती मलाच लागली. मग मी स्वतःच्या घरासाठी असा दरवाजा बनवला, की बँकेनेही लाजावं. जाळी नाहीच, सगळा जाड पत्रा. दार जोरात हलवलं की वाजणारा सायरन. आणि लोटलं की आपोआप लागणारं कुलूप. कुलपासाठी नेहमीच्या शेठकडे गेलो आणि तासभर त्याचं डोकं खाल्लं.

"साहेब, आता यापेक्षा खाली नाही जात," शेठ रडकुंडीला आला.

"जाईल. काहीतरी काढ यातलं."

"काय काढू? आतला नॉब काढू? मग आतूनही किल्लीनेच उघडावं लागेल."

"काढ! चोर आतून थोडाच येणार आहे?"

"बरं. पण तीन किल्ल्या येतात..."

"एकच दे. तीन काय चोरांना वाटायच्यात?"

विजयी मुद्रेने घरी आलो. एस्तेरने, म्हणजे माझ्या मुलीने, कुलूप हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "पप्पा, आग लागली तर?"

"तर तुझा काका आहे ना, तो येईल फुकट विझवायला!" मी ओरडलो.

आता हा काका. प्रभाकर, माझा सख्खा धाकटा भाऊ. माझ्याच हाताखाली वेल्डिंग शिकला आणि ठाकुर्लीला स्वतःचं दुकान टाकून बसला. त्याचं मला काही नाही. पण चर्चच्या नव्या फाटकासाठी मी कमिटीला भाव दिला होता. कमिटीने तो पाडला, मी चढवला, त्यांनी पुन्हा पाडला. बैठक नुकतीच रंगात आली होती. इतक्यात हा मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, "मी करून देतो. पैसे नकोत." संपलं! फुकटाशी माणसाने घासाघीस करायची तरी कशी? तिथे कमी करायला काही उरतच नाही! त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो. त्या फाटकाला हातसुद्धा लावत नव्हतो. चर्चला पोचलो, की सुनीता फाटक उघडायची आणि मी आभाळाकडे बघत आत जायचो.

त्या ईस्टरला आईची एकच इच्छा होती. बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. आमच्यात ईस्टरच्या पहाटे उजाडायच्या आत दफनभूमीत जमतात, आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात आणि सूर्य वर येताना पुनरुत्थानाची गाणी म्हणतात. आई आठवडाभर सांगत होती, "तुझ्या बाबांचा हा पहिला ईस्टर आहे. सूर्य उगवताना मला तिथे असायचंय. उशीर केलास तर बघ."

"आई, मी आयुष्यात कधी डिलिव्हरीला उशीर केलाय?"

"जिन्याच्या रेलिंगला सहा महिने लावले होतेस," सुनीता आतून म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी मी निशिगंध, मेणबत्त्या, चिकन आणि केक अशा चार पिशव्या सांभाळत घरी आलो, दार उघडलं आणि आत शिरून टाचेनेच लोटलं. खट्ट! त्या आवाजाने काळजाला असा गारवा मिळाला म्हणून सांगू!

पहाटे सगळे तयार. आई पांढऱ्या साडीत, मांडीवर निशिगंध. मी ऐटीत खिशात हात घातला. किल्ली नाही. दुसऱ्या खिशात नाही. कालच्या पँटमध्ये नाही. फ्रिजवर नाही, फ्रिजमध्ये नाही. (हो, चिकनच्या पिशवीतही पाहिलं.)

"तूच उचलून ठेवली असशील!" मी सुनीतावर चढलो.

"अहो, मला तुम्ही त्या किल्लीला हात तरी लावू देता का?"

खिडक्यांना माझ्याच ग्रिल. गॅलरीलाही माझीच ग्रिल, आणि काम इतकं पक्कं, की मला स्वतःचाच राग आला. शेठचा फोन बंद. कामगार सुट्टीवर. मग मी पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारावर तुटून पडलो, आणि सायरन वाजला.

तो बंद करायची छोटी किल्लीही त्याच जुडग्यात होती.

एस्तेरने सायरनवर गोधडी टाकली. तरी त्याचं रडणं गोधडीतून ऐकू येतच होतं. मला वाटलं, आता शेजारी धावत येतील. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. पॅसेजमध्ये चिटपाखरू नाही! तिन्ही घरांतून फक्त कड्या सरकवल्याचे आवाज आले. एकही माणूस बाहेर पडेना. का पडेल? दरवाजे मीच विकले होते ना!

समोरच्या बंद दारामागून कुलकर्णीकाका ओरडले, "गायकवाड! किती जण आहेत आत?"

"चौघं!" मी ओरडलो.

"बाप रे! हत्यारं आहेत का?"

"पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर!"

क्षणात ग्रुपवर मेसेज आला, 'चौथ्या मजल्यावर चार सशस्त्र इसम शिरले आहेत. कोणीही दार उघडू नये.' खाली वॉचमनने स्वतःला केबिनमध्ये कोंडून घेतलं.

"काका, अहो चौघं म्हणजे आम्हीच! बाहेर येऊन बघा तरी!"

"बघतोय ना भिंगातून! गायकवाड, तुमच्या दारावर काहीतरी लाल लोंबतंय हो! खूण करून गेलेत!"

मी मटकन सोफ्यावर बसलो. "आई, लाल खूण! रात्री येऊन गेले ते!"

आईने फुलं नीट केली. तिची सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेली. तिला घाबरलेली माणसं नवी नव्हती. "बायबलात दारावर कोकराच्या रक्ताची लाल खूण असली म्हणजे नाश करणारा ते घर ओलांडून पुढे जातो," ती म्हणाली. "शाळेत पाठ केलं होतंस. बक्षीस मिळालं होतं."

"आई, ते मिसर देशात! हे बाळकुम आहे!"

"ओरडू नकोस. येशूचे शिष्यही असेच दारं लावून बसले होते, भीतीने. चांगली भक्कम लावली होती. तो आत आलाच ना? कडी वाजवली नाही, किल्ली मागितली नाही. येऊन मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, शांत व्हा."

"तो आत येईल गं! पण आपण बाहेर कसं जायचं?"

"त्यासाठी त्याने माणसं ठेवलीत. फोन दे इकडे."

"कोणाला लावतेस?"

तिने फोन कानाला लावला. "प्रभाकर? निघालास का दफनभूमीला? आधी इकडे ये. तुझ्या दादाने मला कोंडलंय."

मी ओरडलो, "त्याला नको! मी कटरवाला बोलावतो, पैसे मोजतो!"

"दिवस उजाडायला आलाय," आई म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "तुझे बाबा एकटे आहेत तिकडे."

मी पक्कड खाली ठेवली. खिडकीबाहेर आभाळ फिकट होत चाललं होतं. आईने अगदी हळू आवाजात एक गाणं धरलं, सुनीता आणि एस्तेरने साथ दिली, आणि गोधडीखालून सायरनने.

थोड्या वेळाने समोरून किंकाळी आली, "गायकवाड! पाचवा आला! हातात मशीन आहे!"

मी भिंगाला डोळा लावला. प्रभाकर होता. एका हातात ग्राइंडर, खांद्यावर वायरचं भेंडोळं. तो दारासमोर उभा राहिला, खाली वाकला आणि तसाच राहिला.

"दादा?"

कित्येक महिन्यांत त्याने मला मारलेली ती पहिली हाक. मी आतून ओरडलो, "काप! विचार काय करतोस? बिजागरीकडून काप!"

"दादा, किल्ली बाहेरच आहे. कुलपात."

"काय?"

"लाल फीत बांधलीयेस ना? हीच ती."

दार उघडलं. म्हणजे रात्रभर, जगातल्या सगळ्या टोळ्यांसाठी, माझ्या बँकेला लाजवणाऱ्या दरवाजात किल्ली लटकत होती. वर सापडायला सोपी जावी म्हणून मी स्वतः तिला फीत बांधलेली! आणि एकही चोर फिरकला नव्हता. प्रभाकर हसला नाही. छोट्या किल्लीने सायरन बंद करून त्याने आईचा हात धरला. समोरची तिन्ही दारं एकेक करून उघडली आणि मी कधी नव्हे तो खाली मान घालून जिना उतरलो.

प्रभाकरच्या टेम्पोतून पोचलो, तोवर ऊन चांगलं कबरींवर आलं होतं. लोक गाणी आटोपून परतत होते. मी आईसमोर उभा राहिलो. "आई, उशीर झाला गं. माझ्यामुळे."

आई बाबांच्या कबरीवर निशिगंध ठेवत होती. "येशूच्या कबरीपाशी त्या बायका पोचल्या तेव्हा तरी तो कुठे थांबला होता? आधीच उठला होता. ती मेणबत्ती दे." वारा होता. मेणबत्ती मी लावली आणि ती विझू नये म्हणून प्रभाकरने दोन्ही हातांचा आडोसा धरला. ते हात हलू नयेत म्हणून असेल, पण तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मीही.

परतताना मात्र मला राहवेना. "प्रभाकर, किती झाले?"

"कशाचे?"

"टेम्पो आणलास, दार उघडलंस..."

"किल्ली फिरवली रे दादा."

"व्हिजिट चार्ज असतो. मी घेतो."

"मी नाही घेत."

"बरं, अर्धा घे."

"नाही."

"निदान डिझेल!"

"नाही म्हटलं ना!"

आयुष्यात पहिल्यांदा मी भाव चढवायला घासाघीस करत होतो, आणि समोरचा शून्यावरून हलत नव्हता! माझा आवाज चढला, तशी आई म्हणाली, "अरे, तो देतोय तर गप घे! आजचा सणच फुकट मिळालेल्या नव्या जीवनाचा आहे."

मी गप घेतलं. पुढच्या रविवारी चर्चचं फाटक मी स्वतः उघडलं. (बिजागरी किंचित कुरकुरते. मी काही बोललो नाही.)

ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, शेठकडे जाऊन नॉब मागितला होता. त्याने भाव सांगितला आणि मी एक अक्षर न बोलता पैसे ठेवले. शेठ घाबरून उभाच राहिला. "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे," मी म्हटलं. "फक्त त्या उरलेल्या दोन किल्ल्या फुकट दे. फुकट घ्यायला मी आत्ताच कुठे शिकतोय!"