कोपराचं ऑपरेशन आणि लांब रोटी

दोन हिवाळे माझ्या उजव्या कोपरात दुखणं मुक्कामाला होतं. फरीदाबादच्या हाडांच्या डॉक्टरांनी त्याला टेनिस एल्बो म्हटलं. मी चौथीच्या पुढे शिकलो नाही, टेनिस कधी लांबून पण बघितलं नाही. कारखान्यातलं काम सुटून बरीच वर्षं झाली. पण नागपूरकडची लांब रोटी करावी तर मीच, हे आमच्या गल्लीतली सगळी मराठी घरं मानतात. आईकडून शिकलो. सैल कणीक परातीत आपटत राहायची, तिला तार येईपर्यंत. मग गोळा दोन्ही हातांवर, थेट कोपरापर्यंत खेळवायचा. मलमलीसारखा पातळ झाला की चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायचा. विहारात जयंतीच्या जेवणाला रोट्या माझ्या हातच्या. तो हात गेला तर मी कोण, हे मला झोपेत पण टोचायचं.

डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बाबा, बेलन मत चलाना." मी बिल्कुल चालवलं नाही. लांब रोटीला लाटणं लागतच नाही. पट्टा बांधला, व्यायाम केले, इंजेक्शन घेतलं, आणि कणीक आपटत राहिलो. सूनबाई मी आपटते म्हणून परात मागायची. ती दिल्लीत जन्मलेली. तिला म्हटलं, तुझा हात चपातीचा आहे.

"आणि तुमचा, बाबा? चहाचा कप उचलताना डावा हात खाली धरता."

मी परात माझ्याकडे ओढली.

शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशनची गोष्ट काढली. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी झिजून खराब झाली होती. एक रस्ता, कोपरावर चीर देऊन खराब तुकडा काढायचा. दुसरा, बारीक भोकांतून दुर्बीण घालून तेच करायचं. तिसरा, सोनोग्राफीत बघत सुईनेच ती जागा मोकळी करायची. बहुतेकांना आराम पडतो, पण लिहून कोणी देणार नाही, ताकद यायला महिने लागतात, असं त्यांनी साफ सांगितलं. मग विचारलं, हाताने करता तरी काय?

मी सोबत आलेल्या सूनबाईची ओढणी घेतली आणि करून दाखवलं. आधी आपटणं, मग पसरणं. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, पसरण्याचं पुढे बघू, दुखणं या आपटण्यातलं आहे. ऑपरेशन कुठलंही करा, या हाताने पुन्हा कणीक आपटायची नाही.

सूनबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली.

मी म्हटलं, चीर द्या. जे कापायचं ते डोळ्यांनी बघून कापा. दुर्बिणीत तर आणखी मोठं दिसतं, हे त्यांनी समजावलं. मी हटलो नाही. ते हसले, चीर देण्यावर माझाही हात बसलेला आहे म्हणाले.

फक्त हात बधिर केला होता. हिरव्या कापडापलीकडे तो माझा होता आणि नव्हताही. पाण्यावर ठेवल्यासारखा हलका. वरचा दिवा पांढरा, आणि तो पसरत चालला. आई अंगणात उभी राहून रोटी उन्हात धरायची, तेव्हा पलीकडचं तिचं तोंड अंधूक दिसायचं. तसंच कोणीतरी पलीकडे होतं. मला वाटलं, हा उजेड आता फाटेल. फाटला नाही. पसरत राहिला, आणि त्याच्या कडेकडेने मी झोपलो.

पुढचे महिने मी परातीजवळ नुसता बसायचो. सूनबाई आपटायची, मी "अजून" म्हणायचो. एकदा ती म्हणाली, "बाबा, तुमचं 'अजून' संपलं की मला पण त्याच डॉक्टरकडे न्या." मी तिला हात बदलून आपटायला शिकवलं.

जयंतीला विहाराच्या मागे चूल पेटली. तिच्या कणकेचा गोळा मी हातांवर घेतला. जड नव्हता. मनगटावरून कोपराकडे ओघळला, चिरेच्या व्रणापाशी जरा थांबला, आत बारीक ओढ लागली, आणि पुढे गेला. रोटी मडक्यावर बसली. लोक वाढा म्हणत होते. मी आणखी काही टाकल्या. मग ओढ वाढली. हात चालला असता, मी ओळखतो त्याला. तरी बाजूला सरकलो आणि गोळा सूनबाईच्या हातांवर ठेवला.

तिची पहिली रोटी मधोमध फाटली. ती मी माझ्या ताटात घेतली.