नुसतं ‘बदक’

जपानमध्ये शिकारीच्या परवान्याच्या परीक्षेत पक्ष्याचं चित्र पाच सेकंदच दाखवतात. मारायचा की सोडायचा, ते तेवढ्यात सांगायचं. तिथल्या ग्योतोकू गावात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे जपानी आजोबा मला हे शिकवायचे, म्हणजे माझ्यावर खेकसायचे.

“हे कोणतं?”

मी पुण्याचा. तोंडातून “बदक” एवढंच निघायचं.

“बदकं तर सगळीच! नाव सांग!”

आख्खा पहिला हिवाळा त्यांनी मला नुसतं लव्हाळ्यांत बसवलं. पंखांच्या आवाजावरून पक्षी ओळखायचा म्हणे! पाय बधिर व्हायचे आणि डोकं तापायचं. शेजारी नवे शिकारी मोबाइललाच नाव विचारायचे आणि पाण्यात पडलेला पक्षी तिथेच टाकून घरी जायचे. त्यांना बघून आजोबा दातओठ खायचे.

गेल्या जानेवारीत एका ढगाळ सकाळी आजोबांनी बार काढला. पक्षी आणायला मी पाण्यात उतरलो आणि तो हातात घेताच चरकलो. या जातीला मारायला बंदी आहे. म्हाताऱ्या डोळ्यांनी दगा दिला होता.

“राहू द्या ना, आजोबा. कोणी पाहिलं नाही.”

ते पहिल्यांदाच ओरडले नाहीत. “तू पाहिलंस ना? मग नाव सांग.”

“ओशिदोरी. मादी.”

“बरोबर,” ते म्हणाले, आणि तिथून थेट पोलीस ठाण्यात गेले. बंदूक कायमची जमा करून आले.

आजही माझा स्वतःवरचा संताप उतरत नाही. त्या एका सकाळी मला नुसतं ‘बदक’ म्हणता आलं नाही.