पाणी प्यायलेलं कापड

फोन आला तेव्हा मी गच्चीवर तंबू वाळत घालत होतो. दोन महिने माळ्यावर पडून त्यांना बुरशीचा वास यायला लागला होता. फोनवर युसूफभाईंच्या पत्नी, रझियाभाभी होत्या. म्हणाल्या, "सर, तुमचे युसूफभाई गेले हो... आज पहाटे, झोपेतच." मी काहीतरी "हो का, हो का" असं पुटपुटलो आणि फोन ठेवल्यावर पुन्हा तंबूच्या कापडाला चिमटे लावत बसलो. चारही तंबू नायलॉनचे होते. युसूफभाईंनी शिवलेले नव्हते. त्या सकाळी मला नेमकं तेच सलत होतं, आणि आज दीड महिन्यानंतरही सलतंच आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि दर हिवाळ्यात मुलांना पानशेतच्या पाण्याकाठी तीन दिवस शिबिराला न्यायचो. निवृत्तीनंतरही हा नाद सुटला नाही. पहिल्या वर्षी भवानी पेठेत ताडपत्र्या आणि तंबू शिवणाऱ्या युसूफभाईंकडून जाड सुती कापडाचे चार तंबू शिवून घेतले. काठावर अवकाळी सर आली आणि प्रत्येक शिवणीतून पाणी ठिबकायला लागलं. परत येऊन मी तणतणत दुकानात गेलो. हे गृहस्थ मशीनवरून मानसुद्धा वर न करता म्हणाले, "कापडाला पाणी पाजलं होतं का?" नवा तंबू आधी दोनदा चिंब भिजवून वाळवायचा असतो. त्यानं दोरा फुगतो आणि सुईची भोकं बुजतात, हे मला काय माहीत! "मग तुम्हीच का नाही भिजवून दिलेत?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "सर, आमच्या पेठेत पाणी येतं अर्धा तास. तेवढ्यात माणूस भिजत नाही, तंबू कुठला भिजणार?"

मग पुढच्या खेपेस तेच आमच्याबरोबर एसटीनं आले. टपावर तंबू आणि खिशात सुई-दोरा. दुपारी चारही तंबू काठावर उभे करून त्यांनी मुलांकडून बादल्या बादल्या पाणी ओतून घेतलं, स्वतः मात्र लांब बसून कापडाचा रंग गडद होताना बघत राहिले. एका मुलानं आतून ओल्या छताला बोट लावलं, तर केवढ्यांदा ओरडले! भिजलेल्या कापडाला आतून हात लागला की तिथूनच थेंब धरतो. त्या दिवसापासून ते दरवर्षी यायला लागले. मी लवकर उठून चहा ठेवायचो तेव्हा तलावावर धुकं असायचं, पलीकडचा डोंगर असून नसल्यासारखा. युसूफभाई मात्र तंबूत उताणे पडून राहायचे. ऊन वर आलं की कापडातून आत मऊ पिवळा उजेड उतरायचा आणि त्या उजेडात ते एकेक शिवण नजरेनं चाचपायचे. कधी मीही शेजारी जाऊन आडवा व्हायचो. बाहेर पाणी काठाला हलकेच लागत असायचं, मुलांचे आवाज फार लांबून आल्यासारखे वाटायचे... किती वेळ गेला ते कळायचं नाही. तितकं स्वस्थ मी घरीसुद्धा कधी पडलो नाही. "इथं टाका ओढलाय," ते मध्येच म्हणायचे.

पण ते तंबू जड होते. माझी कंबर धरायला लागली, आणि टपावर ओझं चढवायला कंडक्टरही कुरकुरायला लागले. अखेर मी पिशवीत मावणारे चार नायलॉनचे तंबू घेतले. हे युसूफभाईंना सरळ सांगायला काय हरकत होती? पण माझी जीभ रेटेना. मी सांगितलं, "यंदा शिबिर रद्द." शुद्ध खोटं.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीतून युसूफभाई उतरले. कुणाकडून कळलं, कोण जाणे. काखेत नेहमीची सतरंजी होती. माझा चेहरा कसा झाला असेल ते मीच जाणतो. त्यांनी हिरव्या-निळ्या तंबूंकडे एकदा पाहिलं, मुलांची विचारपूस केली आणि जेवून माझ्याच तंबूत झोपले. सकाळी उठलो तर श्वासांची वाफ छताला धरून आमच्या अंगावर टपटप गळत होती. युसूफभाई चेहरा पुसत म्हणाले, "बरं आहे, सर. पाऊस बाहेर शोधायला नको, आतच सोय केलीये." मी जरा जास्तच मोठ्यानं हसलो. 'चुकलो, माफ करा' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात परतीची एसटी आली आणि ते चढलेसुद्धा. नंतर दोन महिने मी भवानी पेठेत पाऊल टाकलं नाही. त्या बाजूचं काम निघालं तरी लांबच्या रस्त्यानं जायचो. भेटलो असतो तर बोलावं लागलं असतं.

फोननंतर पंधरा दिवसांनी धीर करून भाभींना भेटायला गेलो. दुकानामागच्या खोलीत त्यांनी माझ्यापुढे पातळ मांजरपाटाच्या तीन घड्या ठेवल्या. उलगडून पाहिलं, तर चार कोपऱ्यांना बंद लावलेलं, घुमटाच्या आकाराचं अस्तर. "तळ्यावरून आले तेव्हापासून हेच चाललं होतं," भाभी म्हणाल्या. "म्हणायचे, पोरांच्या तोंडावर थेंब पडतात, सरांच्या लक्षातच येत नाही."

"पण माप कुठून घेतलं?"

"तुम्ही झोपला होता तेव्हा वितीनं मोजलं म्हणे. तुम्हाला उठवू नये म्हणून बराच वेळ लागला."

चौथं अस्तर मशीनवरच होतं, सुई कापडात रुतलेली. निम्मी शिवण झाली होती. भाभींनी विचारलं, "कुणाकडून पुरं करून देऊ?" मी नको म्हटलं.

गेल्या आठवड्यात एकटाच काठावर जाऊन आलो. ते निम्मं अस्तर तंबूत डाव्या बाजूला बांधलं आणि खाली पडून राहिलो. सकाळी उजेड आला. अस्तराखालची जागा कोरडी होती. उजव्या बाजूला छत उघडं होतं, तिथून एकेक थेंब माझ्या खांद्यावर पडत होता. डावीकडे एका माणसाला पुरेल एवढी जागा होती... मी तिकडे सरकलो नाही.