मंडईपर्यंत उपाशी

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. घरोघरी पाहुणे येतात, मटणाची पातेली चढतात आणि त्यातच मुलीही पाहून होतात. त्या वर्षी मोहर्लीचे लोक मला पाहायला येणार होते. मुलगा सफारीची जिप्सी चालवायचा. मला तो हवाच होता, कारण मला काकूच्या घरातून सुटायचं होतं. आई गेल्यापासून मी तिथेच वाढले होते, आणि काकूच्या मते जरा जास्तच वाढले होते.

"ढोली होऊन राह्यली पोरगी," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ढोली म्हणजे धान साठवायची कणगी. दसऱ्यापासून तिने माझं ताट बंद केलं. सकाळी आंबील, संध्याकाळी कोरा चहा. रोज गेल्या वर्षीचं ब्लाऊज घालून दाखवायचं. हुक लागला नाही तर आंबीलही नाही. फराळ मात्र मीच तळायचा, कारण माझ्या करंज्या तेलात फुटत नाहीत. एकदा शेवेचा चुरा तोंडात टाकला, तर काकूने तो थुंकायला लावला. तिची मुलगी चुलीपाशी बसून गरम करंज्या खायची आणि म्हणायची, "बाई, मस्त झाल्या."

मंडईच्या दिवशी ब्लाऊज सैल झालं. काकू खूश झाली आणि मीही झाले, मूर्खासारखी.

पंगतीत भात वाढताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी खांब धरला. मुलाची आई उठली आणि तिने माझी खालची पापणी ओढून पाहिली.

"पांढरीफटक पडली पोरगी. सिकल तं नाई ना हिले?"

जेवणारे हात थांबले. सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार, त्याचं नाव निघालं की आमच्याकडे सोयरीक तिथेच मोडते. शाळेत माझं रक्त तपासलं होतं, त्यात काही निघालं नव्हतं, आणि हे काकूला पक्कं ठाऊक होतं.

"मी उपाशी आहो," मी म्हणाले.

सगळे हसले. दिवाळीच्या दिवसांत भरल्या घरात कोण उपाशी राहतं?

मी काकूकडे पाहिलं. एक वाक्य बोलली असती तरी पुरे होतं. पण मुलाच्या आईची नजर तोवर काकूच्या मुलीच्या गोबऱ्या गालांवर गेली होती, आणि काकूने ती हेरली.

"तिच्या मायकडून आलं असन काही," काकू म्हणाली. "आमच्या घरी कोनाले नाई."

माझी आई उत्तर द्यायला नव्हती. त्या वाक्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

संध्याकाळी माझ्या त्या चुलत बहिणीला मोहर्लीकरांचं कुंकू लागलं, साखर वाटली गेली. मी चुलीपाशी बसले होते. काकू आत आली, तिने फराळाचा डबा उघडला आणि माझ्याच हातची करंजी माझ्या हातावर ठेवली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज गोड होता.

"खाय वं पोटभर," ती म्हणाली. "आता कोन पायते तुले."